दुभाष्यांच्या नोट्स: आयपॅड की स्मार्टपेन?
कन्सेक्युटिव्हला, म्हणजे वक्ता थांबला की मग आपण बोलायचं त्या कामाला, मला तरी आयपॅड आणि त्याची डिजिटल पेन्सिलच बरी वाटते, कारण पानं उलटायचा आवाज नाही, अंधाऱ्या हॉलमध्येही दिसतं आणि आकड्यांना पटकन वेगळा रंग देता येतो, फक्त चार्जिंग आणि नोटिफिकेशन्स आधी बघून घ्या. लाइव्हस्क्राइबसारख्या स्मार्टपेनची गंमत वेगळीच, बारीक ठिपक्यांच्या खास कागदावर लिहायचं आणि लिहिलेल्यावर टॅप केलं की त्या क्षणाचं रेकॉर्डिंग ऐकू येतं. १९९९ मध्ये युरोपियन कमिशनचे दुभाषे मिकेले फेरारी यांनी भाषणाचं रेकॉर्डिंग कानात ऐकत अनुवाद केला होता, तेच पेनने सोपं झालं. लांबलचक भाषणाला पेन खरंच भारी! पण रेकॉर्डिंगची परवानगी घ्यायलाच हवी, आणि गोपनीय मीटिंगमध्ये ती सहसा मिळत नाही हो.