युरेनियम-२३५ चं मॉडेल: तारापूरची कोणती भट्टी निवडाल?

नाशिकच्या विज्ञान प्रदर्शनासाठी हा विषय घेतलात, तर अणुभट्टीचे दोन्ही पर्याय तारापूरलाच, एका आवारात आहेत. १९६९ पासूनच्या पहिल्या दोन भट्ट्या समृद्ध युरेनियम (२३५ चं प्रमाण वाढवलेलं) आणि साध्या पाण्यावरच्या. तिसरी-चौथी, प्रत्येकी ५४० मेगावॅट, नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्यावरच्या (ज्यात साध्याऐवजी जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम असतो). फुटतं दोन्हीकडे २३५ च. नैसर्गिक युरेनियममध्ये ते जेमतेम ०.७ टक्के. म्हणून पैसा इंधनात घालायचा की पाण्यात, एवढाच खरा फरक.

२३५ फोडतात ते न्यूट्रॉन, आणि मंद असले तर सहज फोडतात. साधं पाणी न्यूट्रॉन मंदावतं, पण काही गिळूनही टाकतं. ती तूट भरायला २३५ चं प्रमाण वाढवावं लागतं, आजच्या भट्ट्यांत साधारण ३ ते ५ टक्के. ४ टक्क्यांचं एक किलो इंधन हवं, तर सुमारे आठ किलो नैसर्गिक युरेनियम लागतं (उरलेल्यात ०.२५ टक्के राहिलं असं धरून). शिवाय ते बाहेरून आणायचं म्हणजे दुसऱ्याच्या मर्जीवर राहणं: १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेचा पुरवठा अडला आणि पुढे फ्रान्सकडे जावं लागलं.

जड पाणी न्यूट्रॉन फारसे गिळत नाही, त्यामुळे समृद्धीकरण टळतं. इंधन भट्टी चालू असतानाच बदलतात: आडव्या नळीत एका टोकाने नवं बंडल (इंधनाच्या कांड्यांचा जुडगा) ढकलायचं, दुसऱ्या टोकाने जळालेलं काढायचं. फुकट मात्र काही नाही. पाण्याची शुद्धता ९९.७५ टक्क्यांच्या आसपास राखावी लागते. साधं पाणी मिसळलं की अणू फुटण्याची साखळी मंदावते. ट्रिटियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन) तयार होतं, म्हणून गळतीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष. भट्टी अचानक बंद पडली आणि लगेच सुरू झाली नाही, तर झेनॉन-१३५ हा न्यूट्रॉन गिळणारा वायू साचतो आणि दीड-एक दिवस थांबावं लागतं, कारण नैसर्गिक युरेनियमकडे त्यावर मात करण्याइतकी शिल्लक नसते. टनामागे उष्णताही कमी मिळते, म्हणजे वापरलेलं इंधन जास्त साठतं.

मॉडेलसाठी आमचा कौल जड पाण्याला. बंडल रिकाम्या रिफिलींचं होतं: मधे १, मग ६, १२, १८ अशा कड्या, एकूण ३७. पीव्हीसीच्या आडव्या पाइपात अशी तीन-चार सरकवली की इंधन बदलणं हाताने दाखवता येतं. फक्त समृद्धीकरणच समजवायचं असेल, तर साधं पाणी घ्या: हजार मण्यांच्या एका बरणीत ७ लाल, दुसरीत ४०.

एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्राबद्दल परीक्षक विचारतीलच. टर्बाइन-जनित्र तिथेही तसंच, बदलतो तो वाफेचा उगम. एक ग्रॅम २३५ पूर्ण फुटलं, तर चांगल्या प्रतीच्या सुमारे तीन टन कोळशाइतकी उष्णता.