उद्धट, उर्मट, मुजोर : शिकागोच्या ऑनलाइन कोशांची पारख

शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया’ या संकेतस्थळावर मराठीचे पाच कोश फुकट आणि नाव-नोंदणी न करता पाहता येतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची दुसरी आवृत्ती, वझ्यांचा १९११चा आर्यभूषण शालेय कोश, दाते-कर्वे मंडळींचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, मॅक्सिन बर्नसन यांचा नवशिक्यांसाठीचा कोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश. ‘झाड’, ‘पाणी’ असले शब्द काढून कोशाची परीक्षा होत नाही, ते सगळीकडे बरोबरच असतात. परीक्षा घ्यायची तर माणसे भांडताना वापरतात ते शब्द घ्यावेत. इथे उद्धटपणाचे घेतले आहेत. मराठीत त्यांची ददात नाही.

पहिली अडचण टंकलेखनाची. ‘धार्ष्ट्य’ हा शब्द बातम्यांत आणि पुस्तकांतही सर्रास ‘धाष्टर्य’ असा छापलेला आढळतो. तो तसाच उचलून शोधचौकटीत चिकटवला तर हाती काही लागत नाही. मूळ शब्द ‘धृष्ट’, त्यावरून ‘धार्ष्ट्य’. म्हणजे र् हा ष्-च्या आधी, आणि रफार पूर्ण ‘ष्ट्य’ या जोडाक्षराचा. चुकीच्या रूपात र हा ‘ष्ट’नंतर पडतो आणि रफार नुसत्या ‘य’वर बसतो. डोळ्यांना दोन्हींत उजव्या अंगाला एक रफार दिसतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. क्रम असा ठेवावा : ध, काना, र, हलन्त, ष, हलन्त, ट, हलन्त, य.

दुसरी अडचण जुन्या शुद्धलेखनाची. मोल्सवर्थ, वझे आणि दाते-कर्वे यांचे कोश १९६२च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचे असल्यामुळे त्यांत अनुच्चारित अनुस्वार जागच्या जागी आहेत. ‘दावे’ नव्हे, ‘दावें’. ‘बोलणे’ नव्हे, ‘बोलणें’. नेमके रूप आठवत नसेल तर शब्दाची सुरुवातीची दोन-तीन अक्षरेच टाकावीत आणि येणारी यादी चाळावी. शिवाय ‘उर्मटपणा’ किंवा ‘मुजोरी’ न शोधता ‘उर्मट’, ‘मुजोर’ शोधणे बरे. दाते-कर्व्यांच्या कोशात साधित रूपे बहुधा मूळ शब्दाच्या नोंदीच्या पोटात दिलेली असतात.

मोल्सवर्थचा एक उपयोग फारसा कोणी करत नाही. अर्थ इंग्रजीत असल्याने तो उलटाही चालतो. मजकुरात शोध घेण्याचा पर्याय निवडून ‘इन्सोलंट’ किंवा ‘इम्प्युडंट’ हे शब्द रोमन लिपीत टाकले की ज्या ज्या मराठी शब्दाच्या अर्थात ते आले आहेत ते सगळे समोर येतात. भाषांतर करणाऱ्याला एवढ्यासाठीच हे स्थळ ब्राउझरमध्ये खूण (बुकमार्क) करून ठेवण्याजोगे आहे. मात्र आलेल्या यादीतले किती शब्द आज जिवंत आहेत हे कोश सांगणार नाही, कारण तो पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या बोलण्यावर उभा आहे.

शब्द कुठून आला हे पाहायचे असेल तर या सेवेला तोड नाही. कारण मराठी कोशांच्या शेजारीच टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश आणि प्लॅट्सचा उर्दू-हिंदीचा १८८४चा कोश आहे. ‘धृष्ट’ टर्नरमध्ये काढून पाहावा. त्याच एका मुळापासून प्राकृतमार्गे आपला ‘धीट’ आला आणि हिंदीतला ‘ढीठ’ही. मराठी आई पोरगी धीट झाली म्हणून खूष होते. हिंदी भाषक आई तोच शब्द वापरून पोराला रागावते. संस्कृत रूप जसेच्या तसे ठेवलेले ‘धार्ष्ट्य’ या दोहोंच्या मध्ये कुठेतरी उभे आहे. ‘मुजोर’चेही तसेच : प्लॅट्समध्ये ‘मुँहज़ोर’ पाहिला की लगामाला न जुमानणारा घोडा भेटतो. ‘उद्दाम’ म्हणजे दाम, अर्थात जनावर बांधायचे दावे, सुटलेला. गोठ्यातले ‘दावे’ आणि संस्कृत ‘दामन्’ एकच. आणि ‘माज’ तर आजही गोठ्यातला रोजचा शब्द आहे, म्हैस माजावर येते. उर्मटपणाचे निम्मे शब्द जनावरांपाशी पोचतात, हे एकेका कोशात सुटे पाहून ध्यानात आले नसते.

दाते-कर्व्यांचे बळ निराळे आहे. नोंदीत ‘ज्ञा’, ‘एभा’, ‘तुगा’ अशा खुणा दिसल्या की ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत, तुकाराम गाथा यांतले उदाहरण आहे असे समजावे. ‘(गो.)’, ‘(व.)’, ‘(कु.)’ या खुणा गोमंतक, वऱ्हाड, कुडाळ अशा प्रदेशांच्या, ‘म्ह.’ आली की म्हण. ‘चोर तो चोर वर शिरजोर’ यासारखी म्हण शोधताना पूर्ण वाक्य टाकू नये, एक ठळक नाम घेऊन त्या नोंदीत खाली उतरावे. ‘तोंड’ची नोंद इतकी लांब आहे की ब्राउझरची ‘पानात शोधा’ सोय वापरल्याशिवाय ‘लहान तोंडी मोठा घास’पर्यंत पोचताना दमछाक होते. मोबाइलवर तर नकोच.

आता उणी बाजू, आणि ती मोठी आहे. उद्धटपणा हा नुसता गुण नसतो. कोण कोणाशी बोलतो आहे यावर तो ठरतो. हे कोश गुण सांगतात आणि नाते सोडून देतात. ‘आगाऊ’ घ्या. आगाऊ रक्कम, आगाऊ सूचना हा अर्थ सापडेल. पण माणसाला लावताना तो वयाने किंवा मानाने लहान असलेल्यालाच लागतो, त्यात थोडे कौतुकही मिसळू शकते, आणि ‘आमचे साहेब आगाऊ आहेत’ म्हटले की ऐकणारा हसतो, हे कुठे लिहिलेले नाही. साहेबांना ‘उर्मट’ म्हणावे. उद्धटपणा एका उत्तरापुरता असू शकतो, ‘उद्धटपणे बोलू नकोस’ असे दहा वर्षांच्या मुलाला सांगता येते. उर्मटपणा स्वभावात मुरलेला असतो. मुजोरीला पाठबळ लागते, खुर्चीचे, युनियनचे नाहीतर पैशाचे. म्हणून खिडकीवरचा कारकून मुजोर होतो, शाळकरी पोर नाही.

बोलणी खाऊनही ज्याच्यावर परिणाम होत नाही तो कोडगा किंवा निगरगट्ट. तो तोंडातून अक्षर न काढताही तसा असू शकतो, त्यामुळे इंग्रजी अर्थावरून ‘उद्धट’च्या जागी ‘कोडगा’ टाकला की भाषांतर फसते. ‘शिष्ट’ची गंमत याहून वेगळी. पुस्तकात सभ्य, पण ‘ती जरा शिष्टच आहे’ म्हणजे कोणाशी धड बोलत नाही. ‘बिशाद’ हा शब्द होकारार्थी वाक्यात जवळजवळ येतच नाही. ‘काय बिशाद आहे त्याची!’ किंवा ‘कोणाची बिशाद नव्हती’, एवढीच त्याची ये-जा. परभाषक विद्यार्थ्याने नुसता अर्थ वाचून ‘त्याला खूप बिशाद आहे’ असे लिहिले तर दोष त्याचा म्हणता येणार नाही. ‘धार्ष्ट्य’ तर स्वतःबद्दलही नम्रतेने वापरतात, ‘एक प्रश्न विचारण्याचे धार्ष्ट्य करतो’. तिथे उर्मट किंवा मुजोर कधीच बसत नाहीत.

मराठी शिकणाऱ्याने बर्नसनपासून सुरुवात करावी. फलटणला राहून केलेले काम आहे, शब्द मोजके आणि आजच्या वापराच्या जवळचे. भाषांतरकाराने मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे शेजारी-शेजारी उघडावेत, आणि निवडलेला शब्द अलीकडच्या संवादांत किंवा बातम्यांत तपासून मगच ठेवावा. वझ्यांचा कोश या कामी फारसा पुढे नेत नाही. तुळपुळे-फेल्डहाउस यांचा कोश महानुभाव गद्य वाचणाऱ्यांसाठी; ‘उर्मट’ आणि ‘उद्धट’ यांतला आजचा फरक त्यात धुंडाळू नये.