निसान वन टनचे पुढचे शॉकअप बदलले: अख्खा पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गेल्या उन्हाळ्यात वन टनचे (आर्मीची जुनी निसान मालवाहू गाडी) पुढचे दोन्ही शॉकअप, म्हणजे शॉक ॲब्जॉर्बर, बदलले, त्यानंतर पावसाळा आणि थंडी दोन्ही काढली, म्हणून आता खात्रीने लिहितोय. गाडी जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीची, आर्मीच्या लिलावातून बाहेर पडलेली, इंजिन अजून मूळचंच, सहा सिलिंडरचं ३९५६ सीसी पेट्रोल.

जुन्यांमधलं तेल केव्हाच गेलेलं. काढून उभा धरला आणि रॉड दाबला तर सायकलच्या पंपासारखा सुळकन आत, कुठे अडणं नाही काही नाही. चालवताना त्रास खड्ड्यात नव्हता, खड्डा गेल्यावर होता, नाक वरखाली होतच राहायचं, आणि दिवे घाट उतरताना खडबडीत जागी ब्रेक दाबला की पुढची चाकं रस्ता सोडतायत हे स्टिअरिंगवर कळायचं.

पुण्यात नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या बाजारात जाऊन "या गाडीचा शॉकअप आहे का" विचारण्यात अर्थ नाही, माप घेऊन जा. गाडी सपाट जागी उभी असताना शॉकअप अडकवायच्या वरच्या पिनपासून खालच्या पिनपर्यंत सेंटर टू सेंटर मोजा. मग बंप रबर (पाटे पूर्ण दबले की ॲक्सल ज्या रबरावर टेकतो ते) आणि ॲक्सलमधली गॅप मोजून त्यातून वजा करा, शॉकअप पूर्ण दाबल्यावर त्याहून इंचभर तरी आखूड पाहिजे, नाहीतर बंप रबर टेकायच्या आधी शॉकअपच आतून आपटतो आणि ब्रॅकेट तुटतं. तिसरं माप चेसिस जॅकवर उचलून चाक लटकत सोडल्यावरचं. शॉकअप पूर्ण उघडल्यावर याहून लांब हवा, कारण तसं नसेल तर सगळा ॲक्सल आतल्या पिस्टनवर लटकतो.

दुकानात सगळे एकच सांगतात, मिलिटरीची गाडी आहे, हेवी ड्युटीच घ्या. माझं मत एकदम उलट. वन टन रिकामी असली की कमानपाटे आधीच कडक असतात, आणि पाटे एकमेकांवर घासतात त्यातूनही थोडं डॅम्पिंग, म्हणजे हेलकावे मारणं, होतंच. आमच्या एका मित्राने हेवी ड्युटी टाकले आणि बोपदेव घाटात त्याची गाडी प्रत्येक खड्ड्यात उडते. मी मापात बसणारे साधे एलसीव्हीचे, म्हणजे हलक्या मालवाहू गाड्यांचे, घेतले. पिन जाड आणि बुशचं (शॉकअपच्या टोकाच्या रबरी कड्याचं) भोक वेगळं निघालं, तेवढं भोसरीत लेथवर स्लीव्ह करून घेतलं.

जुने नट गंजून पिनवर पार चिकटलेले, दोन-तीन दिवस आधीपासून डब्ल्यूडी फोर्टी (गंज सोडवायचा स्प्रे) मारत राहिलो तेव्हा हलले. शॉकअपच्या बॉडीजवळ गॅसची आच लावू देऊ नका, आत तेल असलं तर फुटतो. नवीन उभा धरून हाताने सात-आठ वेळा पूर्ण दाबायचा आणि ओढायचा, दुकानात आडवा पडून तेलात हवा शिरलेली असते ती वर येते, मग रॉड सगळीकडे सारखा जड लागायला लागतो. आणि बुशचे नट गाडी चाकांवर खाली आल्यावरच फायनल आवळा, जॅकवर असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

आता नाक एकदा दबतं, वर येतं आणि थांबतं. ताम्हिणीत भर पावसात, खड्डे पाण्याने भरलेले असताना सुद्धा गाडी लाइन सोडत नव्हती, हा फरक सगळ्यात मोठा. घरच्यांनाही मागे बसून जाणवला. खालचे बुश मात्र बाजारातले साधे होते, पावसाळ्यानंतर त्यात प्ले (ढिलाई) आला, खट खट आवाज यायला लागला, ते चांगल्या रबराचे टाकल्यावर बंद.

एका बाजूला गाडी थोडी बसलीय ती तशीच आहे, शॉकअप वजन उचलत नाही, ते काम पाट्यांचं. त्यामुळे मागचे शॉकअप पाटे खोलून, गंज काढून, शॅकल पिनांचं (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या) ग्रिसिंग झाल्यावरच करणार. बदलणार असाल तर पहिल्या आठवड्यानंतर सगळे नट एकदा परत आवळून घ्या, नवीन रबर बसतं आणि तेवढी ढिलाई येतेच.