काइटबोर्डिंग कुठे शिकावे: सह्याद्रीतले धरण, अलिबागचा किनारा की रामेश्वरम?

मुंबईत राहून काइटबोर्डिंग, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीने फळीवर (बोर्डवर) उभे राहून पाण्यावरून धावण्याचा खेळ, शिकायचे ठरवणाऱ्या माणसाच्या मनात बहुधा आधी तलावच येतो. समुद्राची धास्ती असते, भरती-ओहोटीचे गणित अनोळखी वाटते आणि लाटांशी झुंजण्यापेक्षा पवना किंवा मुळशीसारख्या धरणाच्या संथ पाण्यात सुरुवात करणे शहाणपणाचे दिसते. शनिवारी पहाटे निघाले की शंभर-सव्वाशे किलोमीटरचे अंतर सकाळी लवकर कापून होते आणि रविवारी रात्री घरी परतता येते. हा विचार चुकीचा नाही, परंतु तो पाण्यापासून सुरू होतो आणि अडचण तिथेच आहे. या खेळात शिकणाऱ्याचा खरा संबंध वाऱ्याशी येतो, म्हणून जागा निवडताना आधी वारा पाहावा आणि मग पाणी, असे माझे स्पष्ट मत आहे. घाटावरचे धरण, अलिबाग परिसराचा किनारा आणि रामेश्वरमचे उथळ समुद्रकिनारे या तीन पर्यायांची तुलना मी याच क्रमाने करणार आहे.

वाऱ्याला इतके महत्त्व का, हे आधी समजून घेतले पाहिजे. नवशिक्याच्या कमरेच्या हार्नेसला, म्हणजे मजबूत पट्ट्याला, वीस-पंचवीस मीटर लांबीच्या दोऱ्यांनी नऊ ते बारा चौरस मीटरची, हवा भरलेली काइट जोडलेली असते. शिकण्यासाठी साधारण १२ ते १८ नॉट, म्हणजे ताशी २२ ते ३३ किलोमीटर वेगाचा वारा योग्य मानतात. काइटवर पडणारा जोर मात्र वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे १२ नॉटचा वारा अचानक १८ नॉट झाला की ओढ दीडपट न होता सव्वादोन पट होते. अशा वेळी हातातला बार, म्हणजे काइट चालवायचा दांडा, स्वतःपासून दूर जाऊ दिला की काइटची ताकद कमी होते. घाबरलेला माणूस मात्र नेमका उलट वागतो: तो बार घट्ट पकडून पोटाशी ओढतो आणि काइट आणखी जोराने खेचू लागते. ही सवय मोडायला सराव लागतो, आणि तो सराव एकसारख्या वाऱ्यातच होतो. झोत आणि पोकळ्या यांनी भरलेल्या वाऱ्यात शिकणाऱ्याला आपली चूक कोणती आणि वाऱ्याची खोड कोणती, हे कळतच नाही.

आता तलावांकडे वळू. मुंबईच्या अगदी जवळचे तलाव यादीतून आधीच बाद करावे लागतात. मुंबईला पाणी पुरवणारे सात जलाशय म्हणजे अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी. पिण्याच्या पाण्याच्या या साठ्यांत हौसेखातर उतरण्याचा प्रश्नच येत नाही. पवईचे पाणी पिण्यासाठी वापरले जात नाही, पण तिथे मगरी आहेत आणि जलपर्णीचे तवंग आहेत, ज्यांत काइटच्या दोऱ्या अडकल्या तर सुटणे कठीण. म्हणून घाट चढूनच जावे लागते, आणि तिथेही धरण कोणाच्या ताब्यात आहे, जलसंपदा विभागाच्या की मुळशीप्रमाणे वीज कंपनीच्या, हे पाहून परवानगीचा विचार आधी करावा लागतो.

पवना धरणाचे उदाहरण घेऊ, कारण बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तेच असते. लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना यांनी वेढलेले हे पाणी पाहायला सुंदर आहे, परंतु काइटसाठी हेच डोंगर मोठा अडसर आहेत. वारा डोंगराला आपटतो, माथ्यावरून कोसळतो आणि त्याचे भोवरे डोंगराच्या उंचीच्या कित्येक पट अंतरापर्यंत पसरतात. पाण्याच्या पातळीपासून तीन-चारशे मीटर उंच असलेल्या डोंगराची ही छाया काही किलोमीटर लांब असू शकते, आणि तलावाची रुंदी त्या मानाने फार नाही. त्यामुळे दहा मिनिटे उत्तम वारा, मग तो पडणे, काइट पाण्यात कोसळणे, मग एकदम झोत, असा प्रकार होतो. कोसळलेली काइट पुन्हा उचलायलाही वारा लागतोच, आणि तो न आल्यास खोल पाण्यात काइट गुंडाळून तिच्याच आधाराने काठ गाठावा लागतो. हे स्वतःच्या सुटकेचे तंत्र प्रत्येक अभ्यासक्रमात असते, पण ते पहिल्याच आठवड्यात खरोखर वापरायची वेळ येऊ नये.

दुसरी गोष्ट वर्षाच्या चक्राची. आपली धरणे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरतात आणि मेपर्यंत उतरत जातात. उतरत्या पाण्यात बुडीत गावांच्या भिंती, विहिरी आणि झाडांचे खुंट वर येऊ लागतात. पवनेतले वाघेश्वराचे मंदिर दर उन्हाळ्यात असेच उघडे पडते. पूर्ण उघडे पडलेले मंदिर दिसते, म्हणून ते टाळता येते. मंदिर अजून पाण्याखाली एखाद्या फुटावर असते, तेव्हा ते दिसत नाही, आणि काइटने खेचला जाणारा शिकाऊ माणूस बहुतेक वेळ बोर्डशिवाय पोटावर घसटत जात असतो. त्याला जोडून मासेमारीची जाळी आहेत, आणि काठावरच्या वीजवाहिन्या तर कुठल्याही परिस्थितीत दूर हव्यात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये काइटच्या शर्यती झाल्यापासून हायड्रोफॉइलचे आकर्षण वाढले आहे. पाण्याखालच्या पंखावर उचलला जाणारा हा बोर्ड कमी वाऱ्यातही चालतो, त्यामुळे तो तलावासाठी सोयीचा वाटतो. पण त्याचा दांडा जवळजवळ मीटरभर पाण्यात बुडालेला असतो. खुंट असलेल्या उथळ पाण्यात तो नेणे धोक्याचे आहे आणि नवशिक्याच्या हाती तो देऊही नये.

हे सारे लिहिताना तलावावर अन्याय होऊ नये, कारण तलावात शिकता येते हे जगात अनेक ठिकाणी सिद्ध झाले आहे. स्वित्झर्लंडच्या सिल्वाप्लाना सरोवरात मालोया नावाचा वारा उन्हाळ्यातल्या चांगल्या दिवशी दुपारी दरीतून ठरल्यासारखा येतो आणि तिथे काइटबोर्डिंग रुजले आहे. इटलीच्या गार्दा सरोवराला असाच दुपारचा ओरा वारा लाभला आहे. फरक असा की त्या दऱ्या वाऱ्याला वाट करून देतात, आपल्या घाटमाथ्याच्या दऱ्या मात्र वळणावळणाच्या आहेत. सपाट पाण्यात बोर्डवर उभे राहणे सोपे जाते, ओढून समुद्रात नेणारा प्रवाह नसतो, वाऱ्याबरोबर वाहत गेलात तरी पलीकडचा काठ येतोच आणि गोड्या पाण्यामुळे सामानाला मीठ लागत नाही. भीमेवरचे उजनी धरण या दृष्टीने पवनेपेक्षा बरे, कारण ते घाटापासून दूर, सपाट पठारावर पसरलेले आहे आणि वाऱ्याला अडवणारे डोंगर जवळ नाहीत. जून ते ऑगस्टमध्ये पर्जन्यछायेच्या पठारावर पश्चिमेचा वारा किती सलग वाहतो, याची साक्ष साताऱ्याकडच्या पठारांवरच्या पवनचक्क्या देतात. मात्र नेमक्या जूनमध्ये उजनी तळाला गेलेली असते आणि गाळपेराच्या जमिनी उघड्या असतात, तर पाणी चढेपर्यंत वाऱ्याचा मोसम संपत आलेला असतो. मधल्या थोड्या आठवड्यांत दोन्ही जुळतात, आणि मुंबईहून ते अंतर शनिवार-रविवारच्या हिशेबात कष्टाने बसते. हिवाळ्यात भिगवणला येणाऱ्या रोहित पक्ष्यांच्या थव्यांजवळ काइट उडवणे तर कोणी मनातही आणू नये.

किनाऱ्यावरची गोष्ट वेगळी आहे, कारण इथे वारा स्वतःचे वेळापत्रक घेऊन येतो. फेब्रुवारी ते मे या काळात जमीन तापली की दुपारनंतर खारे वारे वाहू लागतात, आणि आपल्या भागात ते वायव्येकडून येतात. किनारा पश्चिमाभिमुख असल्याने हा वारा तिरकस किनाऱ्याकडे वाहतो, आणि शिकणाऱ्यासाठी हीच सर्वांत सुरक्षित दिशा आहे: काही बिघडले तरी तुम्ही वाळूकडेच येता. पाण्यावरून मोकळेपणाने आलेला असल्यामुळे हा वारा धरणावरच्यापेक्षा पुष्कळ सलग असतो. उणीव एवढीच की तो बऱ्याच दिवशी १० ते १५ नॉटच्या आसपास राहतो, त्यामुळे वजनदार माणसाला बारा चौरस मीटरपेक्षा मोठी काइट आणि रुंद बोर्ड लागतो.

मुंबई शहराच्या चौपाट्यांवर मी शिकायला सुचवणार नाही. जुहूला गर्दी आहे आणि शेजारी विमानतळ आहे, दादरला खडक आहेत, आणि आक्सा बुडण्याच्या घटनांमुळे कुप्रसिद्ध आहे. ताणलेली दोरी माणसाला कापू शकते, त्यामुळे जिथे मुले वाळूत खेळतात तिथे या खेळाला जागा नाही. अलिबागजवळच्या आक्षी आणि नागावच्या उताराच्या, रुंद वाळूच्या किनाऱ्यांवर मोकळा तुकडा मिळू शकतो, पण रविवारी दुपारी नागावला पॅरासेलिंग आणि बनाना बोटींची झुंबड असते, म्हणून आठवड्यातला दिवस किंवा गर्दीपासून दूरची जागा पाहावी. कोळ्यांची जाळी कुठे लागली आहेत हे त्यांनाच विचारून घ्यावे.

भरती-ओहोटीचे गणित जमले तर हा किनारा फार उपयोगी आहे. मुंबईच्या आसपास अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण होते, चढ-उतार चार मीटरहून अधिक असू शकतो आणि ऐन वाऱ्याच्या वेळी पाणी समुद्राकडे ओसरत असते. अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, चित्र उलटते: ओहोटी दुपारी संपते, वारा वाढत असताना पाणी हळूहळू चढते आणि चढ-उतारही बेताचा असतो. पाण्यात उतरायचे धडे अष्टमीच्या आठवड्यात घ्यावेत. उधाणाच्या दिवशी ओहोटीने उघड्या पडलेल्या ओल्या, घट्ट वाळूवर दोन-तीन चौरस मीटरची सरावाची काइट चालवावी, म्हणजे दोन्ही प्रकारच्या आठवड्यांचा उपयोग होतो. पावसाळ्यात मात्र हा पर्याय पूर्ण बंद समजावा. वारा झंझावाती, समुद्र खवळलेला आणि किनाऱ्यावर ब्लूबॉटल हे जेलीफिशसारखे निळे विषारी जीव येतात.

तिसरा पर्याय दूरचा, पण माझ्या मते पहिल्या धड्यांसाठी सर्वांत योग्य. रामेश्वरमच्या बेटाला उत्तरेला पाल्क उपसागर आणि दक्षिणेला मन्नारचे आखात आहे, त्यामुळे उन्हाळ्यातला नैर्ऋत्य वारा आणि हिवाळ्यातला ईशान्य वारा, दोन्ही मोसम तिथे वापरता येतात. पाणी बऱ्याच ठिकाणी कमरेएवढे असते. पडल्यावर उभे राहता येते, शिक्षक शेजारी चालत येऊन काय चुकले ते सांगू शकतो आणि पुढचा प्रयत्न लगेच होतो. श्रीलंकेच्या कल्पिटियाचे खाजणही याच जातीचे आहे, पण त्यासाठी पासपोर्ट आणि अधिक खर्च लागतो. सुरुवातीच्या दहा-बारा तासांत काइटवर ताबा, शरीराने पाण्यातून घसटत जाणे आणि बोर्डवर उभे राहणे इथवर अनेक जण पोहोचतात. हे तास सलग पाच-सहा दिवसांत झाले तर स्नायूंना आठवतात, महिन्यातून एकदा झाले तर प्रत्येक वेळी आधीचे अर्धे पुन्हा करावे लागते.

खर्चाचा हिशेब करताना लोक प्रवास आणि मुक्काम मोजतात, आणि त्यात तलाव स्वस्त ठरतो. तो हिशेब अपुरा आहे. धरणावर शिकायचे तर शिक्षकाबरोबर इंजिनाची बचाव नौकाही हवी, कारण खोल पाण्यात वारा पडला की दुसरा उपाय नाही. सामान बहुधा स्वतःचे घ्यावे लागते, आणि नवा संच लाखाच्या वर जातो. वारा न आलेल्या शनिवारचे डिझेल आणि खोलीचे भाडे त्यात मिळवा. एक आठवडा रजा काढून दूर जाणे म्हणूनच अनेकांना शेवटी कमी पैशांत पडते.

तरीही रजा मिळत नसेल, तर फेब्रुवारी ते मेमध्ये अलिबागकडे, भांगाच्या दिवसांत, मान्यताप्राप्त शिक्षकाबरोबर शिकावे. २००१ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय काइटबोर्डिंग संघटनेचे किंवा तशाच दुसऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र त्याच्याकडे आहे का, हे पैसे देण्याआधी पाहावे, आणि शिकवताना तो क्विक रिलीज, म्हणजे संकटात काइटची ओढ तत्काळ सोडवणारी कळ, पहिल्याच तासात, डोळे मिटूनही ओढता येईपर्यंत करवून घेतो का, यावरून त्याची पारख करावी. ज्याला पोहता येत नाही त्याने तिन्ही ठिकाणी आधी पोहणे शिकावे. लाइफ जॅकेट हा त्याला पर्याय नाही.

घाटावरचे धरण दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवावे. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला चढत जाऊन निघालेल्या जागी परत येणे जमले आणि कोसळलेली काइट गुंडाळून स्वतः काठ गाठता आला, की वाऱ्याची लहर त्रासदायक उरते, जिवावर बेतत नाही. तेव्हाही भरलेल्या पाण्यात, ऑक्टोबरच्या आत, पाण्याखाली काय आहे हे स्थानिक मच्छीमाराला विचारून आणि काठावर एक जाणता सोबती ठेवूनच उतरावे.