ऑटोमॅटिकचा चेंबर आणि फिल्टर: अंगणात बदलावा की गॅरेजात?

गाडीचं मीटर साठ-सत्तर हजारांवर गेलं, पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना हलका झटका जाणवू लागला, की गिअरबॉक्सचं ऑईल आठवतं. मग प्रश्न येतो, चेंबर (गिअरबॉक्सच्या तळाचं ऑईलचं तबक) उतरवून फिल्टर घरीच बदलावा की गॅरेजात न्यावा? मी दोन्ही करून पाहिलंय. माझी जुनी चार गिअरची सेडान फोंड्याच्या घरासमोर अंगणात, आणि मेहुण्याची इनोव्हा क्रिस्टा म्हापशाच्या बाजूला एका गॅरेजात.

आधी आपला गिअरबॉक्स कुठला ते बघा. मारुतीची एजीएस किंवा दुसरी कुठलीही एएमटी असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स असतो, फक्त गिअर यंत्र बदलतं; त्याला गिअर ऑईल लागतं, उतरवून फिल्टर बदलण्यासारखा चेंबर नसतो. सीव्हीटीचं (ठरावीक गिअर नसलेल्या, पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचं) ऑईल वेगळं. होंडाच्या सीव्हीटीत एचसीएफ-२ लागतं, त्यात साधं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल) घालून चालत नाही. काही टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑईलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेल्या गाड्यांतही फिल्टर बॉक्सच्या पोटात असतो, बॉक्स उतरवल्याशिवाय तो हाती लागत नाही. अशा गाडीचं फक्त ऑईल बदलता येतं.

चेंबर खालून सुटतो असं नक्की झालं की दुसरा प्रश्न: ऑईलची पातळी मोजायची कशी? माझ्या मते घर की गॅरेज हे इथेच ठरतं. जुन्या गाड्यांना पुष्कळदा दांडी असते. इंजिन चालू ठेवा, दांडी काढा, पुसा, परत घाला, बघा. घरी करण्यासारखं आहे. नव्या बऱ्याच गाड्यांना दांडीच नाही. टोयोटाचं डब्ल्यूएस ऑईल घेणारे बरेचसे बॉक्स याच जातीचे. गाडी चारही बाजूंनी समतल उचलायची, इंजिन चालू ठेवायचं, ऑईल ठरलेल्या तापमानाला आलं की खालचा ओव्हरफ्लो बोल्ट काढायचा आणि धार बारीक होऊन थेंबावर आली की बंद करायचा. बऱ्याच गाड्यांत हे तापमान ३५ ते ४५ अंशांच्या आसपास असतं. आता आपल्याकडच्या मे महिन्याची दुपार आठवा. गाडी नुसती उभी असतानाच आतलं ऑईल ३३-३४ अंशांवर असतं. इंजिन चालू करून तुम्ही खाली सरकेपर्यंत वेळ हातची जाते. स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्रावर) गिअरबॉक्सचं तापमान दिसत नसेल तर हे काम अंदाजाने करू नका. करायचंच तर डिसेंबर-जानेवारीत, पहाटे.

पैशांचं गणित लोक चुकीचं मांडतात. एटीएफ, फिल्टर, पॅकिंग हे दोन्हीकडे विकतच घ्यावं लागतं आणि मोठा खर्च तोच असतो. घरी वाचते ती मजुरी. त्यातून टॉर्क पाना (बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळणारा) आणि दोन चांगले जॅक स्टँड घ्यायचे झाले तर पहिल्या खेपेला फारसं काही उरत नाही. मग घरी का करायचं? काम खरंच झालं याची खात्री असते म्हणून. मेहुण्याच्या गाडीच्या बिलावर ‘फिल्टर बदलला’ असं लिहिलं होतं. मी गाडीखाली वाकून पाहिलं तर ड्रेन बोल्ट चकचकीत, आणि चेंबरच्या कडेचे सगळे बोल्ट तांबड्या मातीने जसेच्या तसे लिंपलेले. चेंबर उतरलाच नव्हता. गाडी परत नेली, पुढ्यात उभं राहून काम करून घेतलं. म्हणून गॅरेजात जाणार असाल तर एकच अट घाला: जुना फिल्टर माझ्या हातात द्या.

मशीनने फ्लश करून घ्या, असंही गॅरेजवाले सुचवतात. चेंबर उघडून साधारण तिसरा हिस्सा ते निम्मं ऑईल निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरच्या पाइपांत राहतं. मशीन जवळजवळ सगळं बदलतं हे खरं, पण नुसत्या फ्लशने फिल्टर जुनाच राहतो आणि ऑईलही बरंच जास्त लागतं. मला दुसरा रस्ता पटतो. एकदा चेंबर काढून फिल्टर बदलायचा, मग काही महिन्यांच्या अंतराने दोनदा नुसता ड्रेन बोल्ट काढून ऑईल बदलायचं. दर खेपेला ४० टक्के बदललं असं धरलं तर तिसऱ्या खेपेनंतर आत ७८ टक्के नवं ऑईल असतं. हे घरी आरामात होतं.

अंगणात करणाऱ्यांना दोन-तीन गोष्टी कळकळीने सांगतो. ऑईल खाली सोडण्याआधी वरचा भरायचा बोल्ट सुटतो का ते बघा. किनाऱ्याजवळच्या गाड्यांचे बोल्ट खाऱ्या हवेने गंजून घट्ट बसलेले असतात. ऑईल सांडून बसलात आणि भरायचा बोल्टच हलेना, तर गाडी टो करावी लागेल. दुसरं, आपली तांबडी माती वरून टणक वाटते, पण वजन आलं की जॅक स्टँडचे पाय आत जातात. चिऱ्यांवर स्टँड ठेवू नका, चिरा फुटतो. काँक्रीटचा पोर्च नसेल तर जाड फळ्या घाला, आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली कधीच शिरू नका. पावसाळ्यात उघड्यावर बॉक्स उघडायचाच नाही. एटीएफमध्ये पाणी गेलं की क्लचच्या प्लेटींवरचं अस्तर सुटायला लागतं.

चेंबर उतरला की त्यातली लोहचुंबकं बघा. काजळासारखा काळा, बोटावर मऊ लागणारा गाळ असेल तर ती नेहमीची झीज. नखाला लागतील असे चकाकते तुकडे निघाले, किंवा ऑईल दुधाळ गुलाबी झालं असेल, तर तिथेच थांबा आणि जाणकार माणूस गाठा. फिल्टर ओढून काढताना त्याची जुनी रबरी रिंग पुष्कळदा वर भोकातच अडकून राहते. तीवरच नवा फिल्टर दाबला तर तो नीट बसत नाही, हवा ओढतो आणि गिअर घसरायला लागतात. टॉर्च मारून बोटाने चाचपून बघा. कडेचे बोल्ट बहुधा १० नंबरच्या पान्याचे असतात, त्यांना जेमतेम १० न्यूटन-मीटर लागतात. जोर लावलात की अॅल्युमिनियममधले आटे गेले.

बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांतल्या झेडएफ या जर्मन कंपनीच्या आठ गिअरच्या बॉक्सला चेंबर प्लास्टिकचा असतो आणि फिल्टर त्यातच, म्हणून दोन्ही एकत्र बदलतात. या ऑईलला ‘आयुष्यभराचं’ म्हणायची पद्धत आहे, पण खुद्द झेडएफ ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनी बदलायला सांगते. त्याची पातळीही तापमान बघूनच लावतात. तो मी घरी करणार नाही. वॉरंटीतली गाडीही नाही. चोर्ला किंवा अनमोड घाट वरचेवर चढणाऱ्यांनी मात्र थोडं आधीच उघडावं, चढावर ऑईल फार तापतं.

निघालेलं ऑईल मापाच्या डब्यात काढा, म्हणजे नवं किती घालायचं याचा अंदाज येतो. नंतर ते डब्यात बंद करून गॅरेजच्या जुन्या ऑईलच्या पिंपात नेऊन द्या. आमच्या अंगणातून विहीर वीस पावलांवर आहे. मी चेंबर काढतो तेव्हा खाली जुनी ताडपत्री पसरतो, आणि सांडलेल्या प्रत्येक थेंबावर लाकडाचा भुसा टाकून तो गोळा करतो.