वरच्या पाच शीट खऱ्या, खालच्या पस्तीस खोट्या

नाताळच्या लाकडी सजावटीचं काम करणाऱ्यांनी हे जरूर वाचा. नोव्हेंबरात माझी फसवणूक झाली, तशी तुमची होऊ नये.

मी कोल्हापुरात घरीच स्क्रोल सॉवर (बारीक ब्लेडनं लाकडात नक्षी कापायचं मशीन) चांदण्या, घंटा, रेनडिअर कापते. यंदा वायल्डर मेमोरियल चर्चला जाणाऱ्या एका काकूंनी ३०० नगांची ऑर्डर दिली. त्यासाठी ३ मिलिमीटरचा बर्च प्लाय, म्हणजे बर्च झाडाच्या लाकडाचा प्लायवूड, हवा होता. ऑनलाइन एक विक्रेता सापडला. त्यानं आधी नमुना पाठवला, तो अगदी उत्तम होता. म्हणून एक फुटाच्या ४० शीटचे ४,४०० रुपये आगाऊ भरले, तेही त्याच्या वैयक्तिक यूपीआयवर. बिल मागितलं, तर "मालाबरोबर येईल" म्हणाला.

माल आला, बिल नाही. वरच्या दोन-तीन शीट बघितल्या आणि गठ्ठा ठेवून दिला. माझी चूक झाली ती इथंच.

चार शीट एकावर एक टेपनं बांधून मी एकदम कापते. दुसऱ्या थप्पीत भोक पाडलं, ब्लेड ओवलं, रेनडिअरच्या शिंगापाशी आले आणि ब्लेड एकदम बाजूला ओढलं गेलं. टेप सोडली तर शिंगं हातात तुटून आली. कड उजेडात धरली. बर्चचे तिन्ही थर फिकट, घट्ट असतात. इथं वरखाली फिकट पापुद्रा आणि मधे लालसर, भुसभुशीत लाकूड, त्यात काडेपेटीची काडी जाईल एवढी पोकळी! वरच्या पाचच शीट खऱ्या होत्या. मला खरंच रडू आलं.

फोन केला तर म्हणाला, "ताई, लाकूड आहे, असं व्हायचंच." दुसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. सायबर फसवणुकीच्या १९३० वर मात्र चार दिवसांनी फोन केला. तिथं लगेच करायचा असतो, पैसे पुढं सरकायच्या आत. पार्सल उघडतानाचा व्हिडिओही माझ्याकडं नव्हता. तुम्ही तो काढाच, आणि गठ्ठ्याच्या मधल्या, तळाच्या शीटचा कोपरा कापून कड बघा. पूर्ण पैसे आगाऊ देऊ नका.

काकूंना खरं ते सांगितलं. त्यांनी समजून घेतलं. गावातून एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड) आणला, शिंगं जाड करून नक्षी पुन्हा काढली, दर कमी केला. खोटी एक शीट मशीनशेजारी ठेवली आहे. कोल्हापुरातल्या कुणाला ती कड प्रत्यक्ष बघायची असेल, तर या.