कॉन्ट्रॅक्ट तपासून देणारी ऑनलाइन सेवा: रिपोर्ट भंगार, वकीलबाई भारी

आधीच सांगते, ही सेवा मी शहाणपणाने नाही, घोळ झाल्यावर घेतली. मी साउंड एडिटर आहे. सही केली तेव्हा "माहितीपट, सहा भाग" एवढंच माहीत होतं, फुटेज हातात आलं तेव्हा कळलं की हा सरळसरळ एका नेत्याचा प्रचार आहे, आणि पक्ष कुठला तर ज्याच्या नावाने मी गेली कित्येक वर्षं घरात, मित्रांत, सगळीकडे भांडत आलेय तोच.

आता कोणी म्हणेल साउंडवालीचा काय संबंध राजकारणाशी. तर ऐका. भाषणात साहेब मध्येच अडखळले, पुढचा शब्द सापडेना, दोन सेकंद तसेच गेले. ते दोन सेकंद मी कापले, जोड कळू नये म्हणून खाली त्याच मैदानाचा अँबियन्स, म्हणजे तिथला मागचा आवाज, पसरला, झालं, माणूस एकदम ठाम वाटायला लागला. मग नोट आली, टाळ्या कमी वाटतायत. अहो, कमीच होत्या! लायब्ररीतल्या गर्दीचे तीन लेअर चढवले, त्यातला एक जरा उशिरा सुरू केला म्हणजे टाळ्या मागच्या रांगांपर्यंत पसरत गेल्यासारख्या वाटतात. काम म्हणून बघाल तर झकास झालं होतं, आणि त्याचाच जास्त त्रास झाला.

तर सेवा. कॉन्ट्रॅक्ट अपलोड करायचं, दोन दिवसांत रिपोर्ट, मग अर्धा तास व्हिडिओ कॉल. रिपोर्ट आला चौथ्या दिवशी आणि सगळा छापील मसाला, त्यात संगीताच्या रॉयल्टीवर अख्खं पान, माझा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

कॉलवरच्या वकीलबाई मात्र एकदम भारी. सुरुवातीलाच म्हणाल्या, "सोडू का करू हे मला विचारू नका, नक्की काय नकोय ते सांगा: काम, नाव की जाहिरात?" मी गप्पच. हे तीन वेगळे असतात हेच कधी डोक्यात आलं नव्हतं, मी आपली सगळ्याचं एकच गाठोडं करून रात्र रात्र जागत होते. मग त्यांनी नवव्या पानावर बोट ठेवलं, तिथे माझं नाव आणि फोटो प्रमोशनला वापरायची परवानगी मी स्वतःच देऊन बसले होते. त्यांनीच मेल लिहून दिला: काम पूर्ण करते, पैसे ठरलेले, नाव कुठेही नको. निर्माता एका ओळीत हो म्हणाला, साउंडवाल्याचं नाव वाचतंय कोण. (हे जरा झोंबलंच.)

बदल्यात प्रोजेक्टबद्दल जाहीर वाईट बोलायचं नाही अशी अट आली. मी तणतणले, तर म्हणाल्या हे जुनंच आहे. अमेरिकेत दिग्दर्शकांच्या संघटनेने ॲलन स्मिथी नावाचा खोटा दिग्दर्शक ठेवला होता, १९६९ पासून २००० पर्यंत. सिनेमा आपल्या हातातून काढून घेतला हे पटवून दिलं की आपलं नाव काढून त्याचं लावायचं, पण मग त्यावर तोंड बंद. तिथे मुद्दा राजकारणाचा नव्हता, पण सौदा तोच. बर्न करारात, म्हणजे कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारात, १९२८ पासून कर्त्याला आपल्या नावाचा आणि कामाची मोडतोड झाली तर हरकत घ्यायचा हक्क आहे, पण माझ्यासारख्या तंत्रज्ञाला सहसा कर्ता धरत नाहीत, आमचं जे काय ते कॉन्ट्रॅक्टमध्येच. त्या वाईट न बोलायच्या अटीमुळेच तर इथे नेता, पक्ष, प्रॉडक्शन कोणाचंच नाव नाहीये.

पुढच्या कामांसाठी एक ओळही करून दिली, राजकीय प्रचार निघाला तर तोवरच्या कामाचे पैसे घेऊन मला बाहेर पडता येईल. गंमत म्हणजे ती वापरायची पहिली वेळ आली ती मी ज्यांना मत देते त्यांच्याच फिल्मवर. दोन दिवस घोळत बसले आणि शेवटी निघाले बाहेर, कारण पहिलीच नोट टाळ्यांची होती.

रिपोर्टला एक स्टार, कॉलला पाच. नुसता कॉल मागितला तर देत नाहीत, रिपोर्टसकट अख्खं पॅकेजच घ्यावं लागतं, ही शुद्ध लुबाडणूक आहे.